मिस्टरांच्या खोकल्याची चौकशी

नव्वदच्या दशकात माझे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. कोळशाच्या धुळीत राहून त्यांना खोकला जडला आणि डॉक्टरांनी फुप्फुसाचं दुखणं सांगितलं. ऑफिसात कळलं तर अनफिट ठरवून घरी बसवतील, या धास्तीनं आम्ही कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. चर्चमध्येसुद्धा नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या रविवारी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या, ज्याला जे नाव येईल त्यानं त्या माणसासाठी वर्षभर गुपचूप प्रार्थना करायची. शेवटच्या रविवारी उभं राहून नाव सांगायचं.

त्या वर्षी एक रिटायर नर्सबाई माझ्या मागेच लागली. उपासना संपली, की सलाम करून हजर. "मिस्टरांचा खोकला कसा आहे हो?" एवढ्या बायका सोडून हिला माझ्याच नवऱ्याचा पुळका का? मग कळलं, हिचा भाचा मिस्टरांच्याच सेक्शनला हंगामी आहे. अस्सं! म्हणजे आमची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतायत मावशी-भाचे! त्यात एका शुक्रवारी ही बया थेट घरी आली. आत मिस्टर खोकत होते, म्हणून मी रेडिओ मोठा केला.

"अगदी ठणठणीत आहेत," मी दर वेळी हसून सांगायचे. "देवाची कृपा!"

"वा, देवाची स्तुती असो," ती म्हणायची. मनात म्हटलं, काय नाटकी बाई आहे!

डिसेंबरात मिस्टरांना जिना चढवेना. शेवटच्या रविवारी मी एकटीच गेले. नर्सबाई उभी राहिली आणि तिनं मिस्टरांचं नाव घेतलं.

"वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या खोकल्याची मला काळजी वाटत होती," ती म्हणाली. "पण ताईंनी दर वेळी सांगितलं, बरे आहेत. म्हणून मी देवाकडे काही मागितलं नाही. रोज सकाळी नुसते आभार मानले."

सगळे टाळ्या वाजवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या वेळी मी तिला कोपऱ्यात गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ती भाच्याचं नाव काढील, म्हणून मी अजूनही तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"अहो, मग सांगायचं नाही का!" ती माझ्यावर खेकसलीच. "आख्खं वर्ष घालवलंत माझं!"

तिनं कप खाली ठेवला, माझा हात धरला आणि तिथंच डोळे मिटले.