जिन्यातला प्रश्न

आमच्या सिल्वासाच्या शाळेतले पीटीसर कुणाचं पोट बघत नसत, वजन विचारत नसत. ते फक्त सोबत जिना चढत. स्टाफरूम तिसऱ्या मजल्यावर. पहिलं वळण आलं की ते असा प्रश्न विचारत, ज्याचं उत्तर लांबलचक असणारच. चढता चढता उत्तर दिलं तर माणूस पास, गप्प झाला तर नापास.

"हृदय पुढे म्हातारपणी कसं वागणार, ते आजच्या दमावरून कळतं," असं ते म्हणत. आमचे धुळ्याचे गोल गरगरीत क्लार्क भाऊसाहेब सामरवरणीच्या फ्लॅटमधल्या गळतीची अख्खी कथा सांगत वर पोचले. "सर, बिल्डर बोलतो, पानी वरून येतं. मंग काय खालून येईल?" भाऊसाहेब पास. काडीसारखे कॉम्प्युटरचे सर मात्र दुसऱ्या मजल्यावरच मुके झाले. पीटीसरांनी त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं आणि पुढे कितीतरी महिने पहाटे दादऱ्याच्या तळ्याभोवती चालवलं. मी मुंबईहून नवीन आलेली, लिफ्टला सोकावलेली. मला एटीकेटी मिळाली.

मागच्या वर्षी पीटीसरच दुसऱ्या मजल्यावर नोटीसबोर्ड वाचत उभे दिसू लागले. बोर्डावर क्रीडामहोत्सवाचं जुनं वेळापत्रक होतं, आणि ते त्यांनीच लिहिलेलं होतं. रोज वाचावं असं त्यात काही नव्हतं.

मला भीती वाटली. सरळ विचारलं असतं तर ते उखडले असते. म्हणून एका शनिवारी मी त्यांच्यासोबत चढले आणि पहिल्या वळणावर म्हटलं, "सर, तुमच्याकडे पातोळे कसे करतात?" खाण्याच्या विषयावर तास घेऊ शकणारा माणूस एक शब्द बोलला नाही. वर पोचल्यावर खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, मी नापास झालंय." शाळेत त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकली.

सोमवारी ते वापीला तपासणीला गेले. तिथे त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि पुढे ऑपरेशनच करावं लागलं. "पट्टा ठीक आहे," परत आल्यावर ते म्हणाले, "पण त्यावर कुणी गप्पाच मारत नाही."

नंतर ते निवृत्त होऊन मालवणकडे गावी गेले. घर टेकडीवर, जांभ्या दगडाची घाटी चढून जायचं. डॉक्टरांनी चढ हळूहळू वाढवायला सांगितला होता. फोनवर तब्येत विचारली की ते "बरी" एवढंच म्हणत. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

परवा मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. "बाई, घाटीच्या पायथ्याशी आहे. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय." आणि ते चालू लागले. हळदीची पानं कशी पुसून घ्यायची, तांदूळ किती बारीक वाटायचे, ओल्या खोबऱ्यात गूळ कधी घालायचा, पान कसं दुमडायचं, वाफ किती द्यायची. पायाखाली पाचोळा वाजत होता, पण वाक्य कुठे तुटलं नाही. मग दाराची कडी वाजली. "पोचलो," ते म्हणाले.

मला रडू आलं. बोलायचं होतं, पण आवाजच फुटेना.

पलीकडून सरांनी काळजीने विचारलं, "बाई, तुम्ही जिन्यात आहात काय?"