दसरूजींचा लठ्ठा

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येत आहे की, तलावटोली या गावात आजमितीस असा एकही दरवाजा, पलंग, पाट किंवा पाळणा शिल्लक नाही, ज्याची दसरूजींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तपासणी झालेली नाही. कृपया नोंद घ्यावी.

तलावटोली ही माझी सासुरवाडी. वर्ध्याहून तासाभरावर, जंगलाला पाठ टेकून आणि तलावात पाय सोडून बसलेलं गाव. एके काळी इथे लाकडाचा मोठा डेपो होता. घरटी एक माणूस कुऱ्हाडीवर, नाहीतर करवतीवर. आता डेपोच्या जागी बाभळी माजल्या आहेत आणि कुऱ्हाडवाल्यांची नातवंडं वांगी-भेंडी पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेतात. पण लाकडाची गोष्ट निघाली की गावातलं शेंबडं पोरही तज्ज्ञासारखं बोलतं.

दसरूजी मला पहिल्यांदा भेटले ते माझ्याच लग्नात. सासऱ्यांनी दिलेला ‘अस्सल सागवानी’ पलंग टेम्पोत चढत होता. इतक्यात गर्दीतून एक काटकुळा म्हातारा आला, खांद्यावरचा दुपट्टा सावरला आणि पलंगावर ठकठक केली. कान लावला. पुन्हा ठकठक. सगळा मांडव श्वास रोखून उभा.

“जवाईबापू, आडजात हाये,” त्यांनी निकाल दिला. आडजात म्हणजे साग सोडून बाकी सगळं. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की मुलीच्या पाठवणीचं रडू त्यांना तिथेच आलं. तेव्हा दसरूजींनी मोठ्या मायेने पुस्ती जोडली, “पाय तेवढे सागाचे हायेत नं.”

तिसऱ्या वर्षी पलंग मोडला. पाय अजून शाबूत आहेत.

त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त. “ठोकून पाह्य, मंग बोल,” हे त्यांचं उत्तर प्रत्येक प्रश्नाला. मग प्रश्न टरबुजाचा असो, नाहीतर उमेदवाराचा. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्याआधी दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर खाटेच्या लोखंडी दांडीवर ठकठक करून म्हणाले, “याच्यात जीवच नाई. माणूस बरा काऊन होईन?”

पण इतक्या पक्क्या कानाच्या माणसाला गाव चोर म्हणायचं.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. दसरूजी तेव्हा एका ठेकेदाराच्या गाडीवर होते. ताज्या तोडलेल्या सागाचा एक लठ्ठा, म्हणजे भला मोठा ओंडका, घेऊन ते तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, येत होते. बैल बुजले, बंडी कलली आणि लठ्ठा पाण्यात गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुनीम पाळीवर उभा राहिला. तलाव आरशासारखा स्वच्छ, वर एक काडी नाही.

“लकडी तो पानी पे तैरती है, दसरू,” मुनीम म्हणाला. “तेरी कहाँ गई?”

“साहेब, ओला साग बुडते. गोट्यासारखा.”

मुनीम हसला. त्याहून वाईट म्हणजे गावही हसलं. पिढ्यान्‌पिढ्या लाकूड तोडणारं गाव, पण इथलं लाकूड कायम बंडीनेच गेलेलं. ओला साग पाण्यात टाकून कुणी कधी बघितलाच नव्हता. बांबूने तळ ढोसला, तर नुसता चिखल. दसरूजींचं काम गेलं. पुढे ते भाजी पिकवून विकू लागले. त्यांच्या वांग्यांना गावाने कधी नाव ठेवलं नाही. त्यांच्या नावाला मात्र ठेवलं.

चौकातला टपरीवाला बंडू तर रोज चहा देताना विचारायचा, “काका, लठ्ठा तरंगला का?”

“ठोकून पाह्य, मंग बोल,” दसरूजी म्हणायचे आणि चहा न संपवता उठायचे.

सगळ्या गावात त्यांच्या बाजूने भांडणारं माणूस एकच, त्यांची बायको गिरजाकाकू. “माह्या मालकाले चोर म्हणशीन त खराट्यानं झोडपीन!” हे वाक्य मी स्वतः तीनदा ऐकलंय, एकदा चुकून माझ्यावरच. त्यांच्या ओसरीवर एक सागवानी बाक होता. डेपोतल्या टाकाऊ तुकड्यांचा, त्या लठ्ठ्याच्याच वर्षी दसरूजींनी जोडलेला. दारात पाहुणा दिसला की गिरजाकाकू धावत जाऊन त्या बाकावर पदर पसरून बसायच्या. मग चहा सांडो की दूध उतू जावो, पाहुणा जाईपर्यंत काकू उठत नसत. मला वाटायचं, काय हा बाईचा रुबाब!

“एकदा ओला साग पाण्यात टाकून दाखवा नं,” मी दसरूजींना म्हटलं होतं.

“जवाईबापू, ज्याच्यावर चोरीचा शिक्का हाये, त्यानं जित्या सागाले कुऱ्हाड लावाची?”

मी विषय बदलून वांग्यांचा भाव विचारला.

आणि मग ते जाण्याआधीच्या वैशाखात वादळ आलं. शाळेच्या आवारातला चांगला जिवंत साग भिंतीवर आडवा झाला! मी नेमका सासुरवाडीत. सकाळी वनरक्षक मॅडम पंचनामा करत होत्या, इतक्यात दसरूजी काठी टाकून धावत आले. हो, धावत!

“बुडखा मले द्या! घटकाभर! वाळाच्या आंदी!”

“आजोबा, सरकारी माल आहे. बुडाला तर?”

“बुडला त?” दसरूजी आनंदाने ओरडले. “बाई, तुह्या तोंडात साखर पडो!”

मॅडम हसल्या. दोर बांधायच्या अटीवर त्या कबूल झाल्या. मग काय विचारता! बुडखा, म्हणजे बुंध्याकडचा जाड ओंडका, कापला, ट्रॅक्टरवर चढवला आणि पाळीवर सगळं गाव लोटलं. सुट्टीतली पोरं तर आधीच हजर. माझे सासरे खुर्ची घेऊन आले. बंडूने टपरी उघडी टाकून आरोळी ठोकली, “बुडलं, त टपरीवर काकाच्या नावाची पाटी लावतो!”

पाळीजवळ पाणी अजून दोन पुरुष खोल होतं. दसरूजींनी बुडख्यावर ठकठक केली. कान लावला. मग त्यांनी मान हलवली.

ढकललं. धबाक्! पाणी उडालं, मॅडम भिजल्या. लाटा बसल्या, आणि बुडख्याची पाठ पाण्यावर दिसली.

“तरंगलं!” बंडू किंचाळला.

दसरूजींनी डोळे मिटले. मीही मिटणार होतो, पण म्हैस पाण्यात बसते तसा तो बुडखा सावकाश, अगदी तोऱ्यात खाली गेला. चार बुडबुडे आले. दोर सरसरत ताणला गेला आणि थांबला. वर एक काडी नाही.

बंडूचं तोंड उघडं ते उघडंच. दसरूजी मटकन पाळीवर बसले आणि दुपट्ट्याने तोंड पुसू लागले, पुसतच राहिले. तेवढ्यात गिरजाकाकू, चाळीस वर्षं खराटा परजून उभ्या असलेल्या गिरजाकाकू, गालावर हात ठेवून सगळ्या गावासमोर ओरडल्या,

“अवो, म्हंजे तुमी खरंच चोरलं नव्हतं? मंग मी इतके वर्स त्या बाकावर काऊन बसून राह्यली?”