बाईसाहेबांचा जोडीदार

दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या बनवून द्यायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत राहणं, आतल्या खोलीत काम. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. दिवसभर लोकांची तोंडं घडवतो आणि स्वतःचं काही उघडत नाही, असं त्याची मोठी बहीण म्हणायची.

लग्न त्यानं केलं नव्हतं. त्याला तसं मोठं कारणही नव्हतं, राहून गेलं इतकंच. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती त्याच्याकडेच राहत होती. पुढे तिचे गुडघे जिने चढेनात, म्हणून तिचा मुलगा येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचं जोडपं घर बदलत होतं. त्यांनी आपला पोपट याच्या दारात आणून ठेवला. करड्या अंगाची, लाल शेपटीची मादी होती ती. "नव्या जागी ठेवू देत नाहीत हो. बघा, जमलं तर."

जमलं, आणि जरा जास्तच जमलं. पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या खांद्यावर बसायला लागली. कुणी दारात आलं की पिसं फुलवून अशी बघायची, की बहिणीनं फोनवर ते ऐकून तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. संध्याकाळी काम संपलं की तो तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा. ती डोळे मिटायची, आणि कधीकधी पोटातला दाणा वर आणून त्याच्या तळहातावर ठेवायची. त्याला त्याचं फार अप्रूप वाटायचं. तिनं हाक मारली की तो आतल्या खोलीतून म्हणायचा, "आलो हं, आलो." थोड्याच दिवसांत तीही त्याच्याच आवाजात तेच म्हणायला लागली.

मग तिनं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंडी घालायला सुरुवात केली. त्यातून पिल्लू निघणं शक्यच नव्हतं. छातीवरची पिसं उपटून उपटून तिनं कातडी उघडी पाडली. एका सकाळी ती तळाशी अंग फुगवून बसलेली दिसली, शेपटी धापेसरशी वरखाली होत होती. त्यानं तिला खोक्यात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

अंडं अडकलं होतं. ते निघाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरी अजून कोण असतं?"

"मी एकटाच."

"हिच्या लेखी तुम्ही हिचे जोडीदार आहात. पाठीवरून हात फिरवता ना? पक्ष्यांत तो हक्क जोडीदाराचा असतो."

तो हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"पुढच्या वेळी अंडं निघेलच असं नाही. तुम्हाला मागं सरावं लागेल. हिला उद्योग द्या, ऊन द्या, आणि हळूहळू तिच्या जातीची सोबत बघा."

तो घरी आला आणि सांगितल्याप्रमाणे वागायला लागला. पाठीला हात लावायचा नाही, खांद्यावर घ्यायचं नाही. आयता दाणा बंद केला. कागदाच्या पुड्या बांधायच्या, पुठ्ठ्याच्या नळीत शेंगदाणे घालून दोन्ही तोंडं दुमडायची, ताज्या फांद्या टांगायच्या. तिनं फाडावं, कुरतडावं, शोधावं आणि खावं. एका काडीच्या टोकाला लाल दोरा गुंडाळून त्यानं तिला नवा खेळ शिकवला. काडीला चोच लावली की लगेच एक सूर्यफुलाचं बी. काडी जाईल तिकडे ती जायला लागली, न धरता आपणहून खोक्यात शिरायला लागली.

पण दुपारी आतल्या खोलीत कवळ्या घासायचं मशीन थांबलं, की बाहेरून त्याचाच आवाज यायचा. "आलो हं, आलो." ओरडली की जायचं नाही, गप्प झाली की जायचं, असं ठरलं होतं. तो हातातली कवळी तशीच धरून उभा राहायचा. एकदा त्यानं मशीन उगाचच चालू ठेवलं, ऐकू येऊ नये म्हणून. तर तिनं मशीनचा आवाज काढला.

वर्षभरानं तिची तब्येत सावरली, तेव्हा डॉक्टरबाईंच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या पक्षीवाल्याकडून त्यानं नर आणला. त्या नराची जोडीदारीण मेली होती.

"जावई कसे आहेत?" बहिणीनं फोनवर विचारलं.

"भिडस्त आहे गं. कोपऱ्यात बसून असतो. ही त्याच्याकडे पाठ करून बसते."

"तुझ्यावरच गेलाय म्हणजे."

आधी पिंजरे लांब ठेवले, मग शेजारी, मग मधलं दार उघडलं. कित्येक महिने काहीच घडलं नाही. मग एका दुपारी बाहेरून हाकच आली नाही. तो दाराआडून बघायला गेला. नर तिच्या मानेवरची पिसं विंचरत होता आणि ती डोळे मिटून बसली होती. तो तसाच मागे फिरला. त्या दिवशी कवळीतला एक दात घासताना भलताच आखूड झाला, तिथं दुसरा बसवावा लागला.

डॉक्टरबाईंनी होकार दिल्यावर त्यानं भुसा घालून लाकडी पेटी टांगली. बाईसाहेब पेटीत बसल्या, नर चोचीनं त्यांना भरवायला लागला. या वेळी अंडी नीट निघाली आणि तिनं ती उबवलीही. आत बारीक किरकिर ऐकू आल्यावर त्यानं झाकण उचलून हात घातला, आणि तिनं त्याच्या बोटाचा लचकाच तोडला. टाके पडले.

"चावली? तुला?" बहिणीला पटेना.

"हो. चांगलंच आहे ते, ताई."

"चांगलं काय त्यात?"

"पिल्लं आहेत आत," तो म्हणाला.  बहिणीनं बोटाला काय लावलंय ते विचारून घेतलं.

पिल्लं त्यानं आईबापांकडेच वाढू दिली. पंख आल्यावर काडीचा खेळ शिकवला, हातावर चढणं आणि सांगितल्यावर उतरणं शिकवलं. एकाच माणसाला चिकटू नयेत म्हणून खालच्या शिंप्याला तो वर बोलवायचा. शिंपी दोन बिया भरवायचा, चहा घ्यायचा आणि गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून निघून जायचा. पुढे दोन्ही पिल्लं एका निवृत्त शिक्षक नवराबायकोकडे जोडीनं गेली. दाण्याच्या पुड्या कशा बांधायच्या ते त्यानं त्यांना तीनतीनदा दाखवलं. त्यातल्या शिक्षिकाबाईंना ते पहिल्यांदाच कळलं होतं.

बहीण म्हणाली, "आता तरी चार दिवस ये."

"पक्ष्यांना कोण बघेल?"

शिंप्यानं बघितलं. चार दिवसांनी तो बहिणीकडून परत आला, तेव्हा दोघं पक्षी एका दांडीवर एकमेकांना टेकून बसले होते. बाईसाहेबांनी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा नराच्या मानेत चोच घातली. पाणी बदलताना ती चावली नाही, जवळही आली नाही. छातीवर बोटभर जागा सोडली तर सगळीकडे पिसं आली होती.

आता डॉक्टरबाई अधूनमधून माणसं पाठवतात. परवा एक बाई आल्या, पिसं उपटणारा पोपट घेऊन. त्यानं सगळं समजावून सांगितलं. दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "पण मग त्याला आमचा लळा राहील ना?"

त्यानं जिन्यातला दिवा लावला.

"राहील," तो म्हणाला, "थोडा."