पानावरची पाखराची घाण

मोसंबीच्या झाडावरची अळी ओळखायची असेल तर आधी अळी शोधत बसू नये, पान बघावं. पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ ओढलेली दिसली तर ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्यात शिरून पोखरत जाते. पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असेल तर आत गुंडाळणारी बसलेली असते. आणि पान कडेपासून कुरतडत आणलेलं, मधली शीर तेवढी उरलेली, असं दिसलं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. शेवग्याच्या खोडावर घोळक्यानं बसणारी केसाळ अळी तर आंधळ्यालाही कळते, हात लागला की दिवसभर खाजवत बसा. हे सगळं मला आता छान येतं, कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. ज्या दिवशी यायला हवं होतं त्या दिवशी आलं नाही, आणि त्याची शिक्षा माझ्या वहिनीनं भोगली.

आमचं गाव पिशोरच्या पुढं, काळ्या रानाचं. मी औरंगाबादेत राहून दोन वर्षांची शेतकी पदविका केली. केली म्हणजे काय, गुलमंडीजवळच्या खोलीत चौघांनी मिळून चहा ढोसला आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किडींचे तक्ते पाठ केले. पुढं शेतकीतली नोकरी लागलीच नाही. वाळूजच्या एका कंपनीत मशिनवर लागलो आणि शिफ्टच्या बसमध्ये आयुष्य गेलं. पण गावात मी कायमचा 'शेतकीवाला' झालो. सुट्टीला गेलो की लोक सदऱ्याच्या खिशातून सुकलेली पानं काढून दाखवायचे. मीही पान उन्हाकडं धरून, डोळे बारीक करून, काहीतरी ठोकून द्यायचो. वासरात लंगडी गाय शहाणी, तसला प्रकार. खरं सांगायचं तर तो मान मला फार आवडायचा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, सातवीत शाळा सोडून रानात उतरलेला. त्यानं एका पावसाळ्यात विहिरीमागच्या दोन एकरांत मोसंबीची कलमं लावली. लावतानाच वहिनी त्याला म्हणाली होती, "ही बाग माझ्याकडं राहू द्या. कपाशीत बाया घाला, पर हिच्याकडं मीच बघंन." आमच्या घरात बाईनं असं काही मागून घेतल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर सकाळी दादा सांगेल ते काम आणि सांगेल ते रान, असाच रिवाज होता. दादा मूडमध्ये असावा. "घे," म्हणाला.

पहिला उन्हाळा तिनं घागरीनं पाणी घालून काढला. प्रत्येक कलमाला तुराट्यांचा आडोसा केला. कोणतं कलम कुठून वाकडं आहे, कोणाला शेळीनं तोंड लावलं होतं, सगळं तिला तोंडपाठ. घरात कमी बोलणारी बाई बागेत गेली की झाडांशी बडबडायची, हे मी लांबून ऐकलेलं आहे. दुसऱ्या पावसाळ्यात कलमांना कोवळी, तांबूस-हिरवी नवती फुटली तेव्हा तिनं माझ्या बायकोला हाताला धरून नेऊन ती दाखवली होती.

त्याच श्रावणात मी पोळ्याला गावी गेलो. दादा आणि गडी बैल धुवायला ओढ्यावर गेलेले. मी नवी पँट घालून ओसरीवर चहा पीत होतो. वहिनी पुरणाचं भांडं चुलीवरून उतरवून तशीच आली आणि म्हणाली, "भाऊजी, जरा बागेत येता का? येक दाखवायचंय."

रात्री पाऊस झाला होता, चिखल होता. मी पँट वर दुमडत, मनातून चिडचिडत तिच्यामागं गेलो. तिनं एका कलमाचं कोवळं पान वर उचललं. त्यावर करड्या-काळ्या रंगाचा, मध्ये पांढरट डाग असलेला बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला एक ओघळ होता. मी वाकून नीट बघितलंही नाही.

"पाखराची घाण आहे ती, वहिनी."

"मलाबी आधी तसंच वाटलं," ती म्हणाली. "पर काल ही त्या फांदीवर व्हती. अन् राती येवढा पाऊस झाला, धुऊन गेली नाय. दुसऱ्या झाडांवरबी हायेत, लई हायेत."

आता विचार करतो तेव्हा लाज वाटते. शेतकीच्या कुठल्याही मास्तरानं याहून चांगलं निरीक्षण केलं नसतं. जागा बदलते आणि पावसानं धुतली जात नाही, म्हणजे ती जिवंत आहे. इतकं साधं होतं. पण मला तक्त्यातलं चित्र आठवत होतं. चित्रातली अळी हिरवीगार, चांगली बोटाएवढी लांब होती, आणि खाली लिहिलं होतं की तिला काडीनं डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

"मोसंबीवरची अळी हिरवी असते," मी म्हणालो. "शिंगं काढते. ही कुठं हिरवी आहे?"

"मंग यांना सांगू का औषध मारायला?"

"पाखराच्या घाणीवर औषध? दादा हसंल तुम्हाला." आणि मीच हसलो. साधी काडी उचलून त्या ओघळाला लावायला हवी होती; लहान असली तरी शिंगं काढतेच ती. उचलली जीभ लावली टाळ्याला. वहिनीनं पान हळूच सोडलं आणि आम्ही परत आलो. दुपारी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, बैल मिरवले आणि संध्याकाळच्या बसनं निघालो.

महालक्ष्म्यांना परत गेलो तेव्हा मधे जेमतेम नऊ-दहा दिवस गेले होते. जेवणावळीला भाऊबंद जमलेले. दादा घरात नव्हता, सगळे बागेकडं चालले होते म्हणून मीही गेलो. कलमांना नवती उरलीच नव्हती. नुसत्या शिरा आणि काड्या. काड्यांवर त्या जाड हिरव्या अळ्या, अगदी तक्त्यातल्यासारख्या, निवांत बसलेल्या. वहिनी आणि दोन बाया डब्यात रॉकेल-पाणी घेऊन एकेक अळी वेचून टाकत होत्या. तो उग्र, सडक्या लिंबासारखा वास साऱ्या बागेत सुटला होता.

दादा सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडत होता. "रोज हितंच मरते ना तू? येवढी झाडं खाऊन झाली तवर डोळं कुठं व्हते तुझे? मोठी बाग मागून घेणारी!"

वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माझ्याकडं एकदाच बघितलं, फार तर निमिषभर. मला वाटलं, आता ती सांगणार. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मला वाटलं पाखराची घाण हाय," ती म्हणाली. "चुकलं माझं."

चुलते हसले. चुलत्या पदर तोंडाला लावून हसल्या. दीर शिकलेला, पाहुण्यांत उभा. चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आणि मी मूग गिळून उभा राहिलो. एवढंच म्हणायचं होतं, 'दादा, मी सांगितलं तिला तसं.' चार-पाच शब्द. मी खाली बसलो आणि बुटाला लागलेला चिखल काडीनं काढायला लागलो.

त्या वर्षी पुढं पाऊस उघडला. भादव्याचं ऊन पडलं आणि पानं नसलेली कलमं वाळत गेली. निम्म्याहून जास्त गेली. दादानं उरलेली बाग सालगड्याच्या हवाली केली. वहिनीला कपाशीच्या खुरपणीवर पाठवलं. विहिरीमागं ती पुन्हा गेली नाही. पाण्याला जायची तर लांबच्या बांधानं जायची.

आणि त्या दिवसाची आमच्या भावकीत म्हणच झाली. भाजीत मीठ जास्त झालं की, "हिला आळी अन् पाखराची घाण कळंना, मीठ काय कळायचं!" लग्नात आहेराची साडी चुकली की तेच. हळूहळू वर्षं गेली तरी म्हण टिकली. आमची ती जुनी बाग जाऊन तिथं आल्याचं पीक आलं, तरी टिकली. वहिनी हसून सोडून द्यायची. मीही हसायचो, हे लिहिताना बोट अडतं. मी न हसता बसलो असतो तरी कुणी मला फाशी दिली नसती.

निवृत्तीनंतर घराला रंग द्यायचा म्हणून माळा उपसला, तेव्हा पदविकेची माझी वही सापडली. उगीच चाळायला बसलो. लिंबूवर्गीय झाडांच्या पानावर माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, एक ओळ होती: 'लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी फसतात.' चित्र पाठ केलं आणि ओळ सोडून दिली होती. म्हणजे 'मला माहीत नव्हतं' ही पळवाटही बंद झाली. त्याच महिन्यात पुतण्याचं लग्न झालं, आणि सत्यनारायणाच्या दिवशी नव्या सूनबाईनं, तिला कुणीतरी शिकवलं असणार, वहिनीला ती म्हण हसत हसत ऐकवली. सासू झालेली ती बाई नव्या पोरीसमोरही तशीच हसली. मला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गावी गेलो. दादा आता थकलाय. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी आधी पावसाचं बोललो, मग त्याच्या गुडघ्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार? शेवटी एका दमात सांगितलं. पोळ्याची सकाळ, पान, तिनं काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं. ती खोटं बोलली ते माझ्यासाठी, हेही सांगितलं. वाटलं, तो उठून माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

दादा तंबाखू मळत राहिला. "म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"त्याच दिशी राती सांगितलं व्हतं तिनं. भाऊजी म्हणले घाण हाय म्हणून मी सांगितलं नाय, असं."

"मग तू तिला... इतकी वर्षं लोक बोलतात ते..."

"मंग काय करू?" तो जरा चिडूनच म्हणाला. "भावकीला काय सांगू, आमच्या शेतकीवाल्याला आळी कळंना? त्या साली तुझ्या धाकल्या मेव्हणीला शेजारच्या गावात स्थळ बघत व्हते लोक. आमच्या घराच्या शब्दावर सोयरीक व्हती. तुझा शब्द पडला असता. तिला बोललं तर काय, घरातलीच बाई. अन् मला पटलं व्हतं तिचं. खोटं बोलत नाय ती."

दारात कपबशा वाजल्या. वहिनी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या कबुलीत तिला नवीन काही नव्हतं.

तिनं ताट खाली ठेवलं आणि दादाला विचारलं, "तुमाला तवाच पटलं व्हतं?"

दादानं मान डोलावली.

"मी समजत राहिले, तुमी माझ्यावर इश्वास ठिवला नाय," ती म्हणाली. "म्हणून बागंत गेले नाय."