शमशादबाईंचा पोटाचा धडा

शमशाद नदाफ शिक्षिका झाल्या त्या १९७२ साली. त्यांचे वडील मीरासाब कोल्हापुरात दारोदार फिरून कापूस पिंजायचे आणि गाद्या शिवायचे. त्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली ही पहिलीच मुलगी. नेमणूक मिळाली ती कागल तालुक्यातल्या एका लहान गावात. शाळा दोन खोल्यांची. हेडमास्तर गणपतराव आणि दुसऱ्या या. त्यांनी गावातच खोली घेतली. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं आईवडिलांकडं जायच्या, सोमवारी सकाळी परत यायच्या.

चौथीला अन्नपचनाचा धडा होता. पुस्तकातल्या चित्रात आतडी म्हणजे ताटात वाढलेल्या शेवयांचा ढीग दिसायचा. अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे अशी नावं मुलं घडाघडा म्हणायची. पण खाल्लेल्या भाकरीचं पुढं काय होतं, असं विचारलं की सगळी गप्प. एक मुलगा म्हणाला होता की ती तशीच पडून राहते, म्हणून पोट मोठं होतं.

पुढच्या वर्षी तो धडा आला, तेव्हा बाईंनी शाळेशेजारच्या धोंडुबाईकडून जुनं नऊवारी लुगडं मागून आणलं. मुलांना अंगणात ओळीनं उभं केलं आणि लुगडं उलगडून त्यांच्या हातात दिलं. मोठ्या माणसाचं लहान आतडं याहून थोडंच आखूड असतं, असं त्यांनी सांगितल्यावर मुलं हसली. मग तेच लुगडं त्यांनी दुमडून दुमडून एका लहान टोपलीत बसवलं, तेव्हा हसू थांबलं. प्रत्येकाला भाकरीचा तुकडा दिला आणि गिळू नका, चावतच राहा, म्हणाल्या. हळूहळू तोंडात गोड लागायला लागलं. पचन तोंडातच सुरू होतं, हे तिथं वेगळं सांगावं लागलं नाही.

शेवटी त्यांनी जोड्या लावल्या आणि एकमेकांच्या पोटाला कान लावून आतली गुरगुर ऐकायला सांगितली. हौसा नावाच्या मुलीच्या पोटाला मैत्रिणीचा कान लागला मात्र, ती कळवळून मागं सरली.

बाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. हौसानं झंपर वर केला. बेंबीभोवती काळे गोल डाग होते, त्यातले दोन ताजे. पोटात दुखायला लागलं की आजी बिब्बा तापवून चटके देते, असं तिनं सांगितलं. सांगताना तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गणपतरावांचं म्हणणं पडलं की आपण शिकवावं, लोकांच्या चुलीपर्यंत जाऊ नये. बाई गावात नवीन होत्या, त्यामुळं त्यांचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. बाईंनी तो ऐकून घेतला आणि संध्याकाळी हौसाच्या घरी गेल्या.

हौसाची आई बाळंतपणात गेली होती. वडील आकाराम शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होते, सुट्टीलाच घरी यायचे. घर सांभाळायची ती आजी, तानाबाई. ती शेंगा फोडत बसली होती. बाई कशाला आल्यात, हे कळल्यावर तिचा आवाज चढला.

"मग काय करू? पोरगी कळवळती, ते बघत बसू? माझ्या सासूनं दिलं, मीबी देतोय."

बाईंनी पुस्तकातलं काही सांगितलं नाही. उठून दार लोटलं, पदर बाजूला केला आणि स्वतःचं पोट दाखवलं. तिथंही तसेच डाग होते, वाढत्या अंगाबरोबर पसरट झालेले.

"ह्ये माझ्या आईनं दिलेलं. तिची माया कमी न्हवती, आजी. पर दुखायचं काय थांबलं न्हाय."

तानाबाईनं एका डागावर बोट ठेवलं.

"मग कशानं थांबलं?"

"जंत हुते पोटात. दवाखान्यातल्या औषधानं पडलं."

तानाबाई पुन्हा शेंगा फोडायला लागली. बाई निघाल्या तेव्हा तिनं ओंजळभर शेंगा त्यांच्या पदरात घातल्या.

कागलच्या बाजाराच्या दिवशी ती हौसाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. औषध घेतल्यावर हौसाच्या पोटातून जंत पडले. दुखणं एकदम गेलं नाही, मध्ये एकदा उलटलं आणि परत औषध आणावं लागलं. पण पावसाळा संपेपर्यंत हौसा इतर मुलींसारखी खायला आणि पळायला लागली होती. चटके त्या घरात पुन्हा कुणाला दिले गेले नाहीत. म्हातारी स्वतःच्या गुडघ्याला मात्र बिब्बा लावून घ्यायची. बाईंच्या ते कानावर आलं होतं, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

नंतरच्या वर्षी त्या धड्याला तानाबाई वर्गाच्या दाराशी येऊन बसली. मुलांबरोबर तिनंही भाकरी चावली. दात नसल्यामुळं गोडी यायला वेळ लागला. आली तेव्हा तिनं मान हलवून बाईंना तसं कळवलं. पुढं आणखी दोघीतिघी बायका धड्याला यायला लागल्या. गणपतरावांनी हरकत घेतली नाही. उलट एकदा त्यांनीच दाराशी सतरंजी टाकून दिली.

१९७९ साली बाईंची बदली गगनबावड्याला झाली. निघायच्या दिवशी तानाबाई एसटीपर्यंत आली होती. हौसा तेव्हा कागलच्या हायस्कुलात जात होती. गाडी येईपर्यंत बाई आणि तानाबाई झाडाखाली उभ्या राहिल्या. तिकडं पाऊस लई असतोय, घोंगडं घेतलंय न्हवं, असं म्हातारीनं विचारलं. बाईंनी घेतल्याचं सांगितलं. मग नवीन कोण येणार आणि ते पोरांना मारतात काय, याची तिनं चौकशी केली. ते बाईंना माहीत नव्हतं. गाडी आली आणि कंडक्टरनं त्यांची ट्रंक टपावर चढवली.