काचीगुड्याच्या ओवीचा रिपोर्ट

आमच्या सेंटरमध्ये मुलांच्या रक्ताचे नमुने फ्रीजमध्ये साठतात आणि किस्से डबा खाताना! संशोधन कसलं, तर मुलांचे आजार, अंगात कशाची कमतरता आणि लाखात एखाद्याला होणारे विकार. मी तिथली डाएटिशियन. कुणी काय खायचं आणि काय नाही, एवढंच सांगायचं माझं काम. ते सांगून झालं की समोरच्याचाही गोंधळ आणि माझाही!

नल्लकुंट्यात आमच्या शेजारच्या काकू तर रोज अडवतात. "तू लहान मुलांची डाएटवाली ना? मग माझं वजन कमी करून दे की!"

*

एकदा एका किरकोळ पोराचं वजन महिन्यात एकदम वाढलं. डॉक्टर मॅडम खूश, मी त्यांच्याहून खूश. सगळं श्रेय माझ्या नाचणीच्या खिरीला!

आमचे लॅब टेक्निशियन गौसभाई पुढे आले. त्यांनी पोराला परत काट्यावर उभं केलं, कमरेची साखळी काढली, वाळे काढले, कडी काढली. आजोळहून नुकतंच जावळ, पहिला वाढदिवस असं सगळं एकदम उरकून आले होते म्हणे. काटा आपल्या जुन्या जागी परत आला.

"बच्चा नईं बढ़ा मॅडम, चांदी बढ़ी!"

*

दुसऱ्या एका मुलीला रक्तवाढीचं औषध दिलं होतं. बाटल्या वेळेवर संपत होत्या, हिमोग्लोबिन मात्र जागचं हलेना. मॅडम बुचकळ्यात पडल्या. औषध बदलायचं का, आणखी तपासण्या करायच्या का?

शेवटी आईच कबूल झाली. औषधानं दात काळे पडतात म्हणून ती रोजचा चमचा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत होती. मोबाइलवर तिनं फोटोही दाखवला. काय झाड होतं, हिरवंगार!

गौसभाई फोटो बघून म्हणाले, "दवा तो अच्छी है!"

*

आता ओवीचं. ही चार वर्षांची, काचीगुड्याला राहणारी. तिचे आईबाबा नांदेडकडचे. तिच्या शरीराला प्रथिनं झेपत नाहीत. डाळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे सगळं बंद. मोजून भात, भाज्या, साबुदाणा आणि डब्यातली खास पावडर. चुकलं तर मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून दर महिन्याला गौसभाईंनी बोट टोचायचं आणि रक्त तपासायचं. मॅडमनी "नॉर्मल!" म्हटलं की आई हुश्श करायची.

तर या ओवीचा रिपोर्ट बिघडला. पुढच्या महिन्यात आणखी बिघडला. कुणीतरी चोरून खायला घालतंय, हे तर उघडच होतं. पण कोण?

मॅडमनी एकेकाला विचारलं, तर गुन्हेगारांची रांगच लागली! बाबा म्हणाले, "मागच्या दिवाळीत बोटभर श्रीखंड चाटवलं होतं." त्यांच्या शेजारच्या खाला म्हणाल्या, "मेरे घर में गोश्त के हलीम की खुशबू ली बच्ची, उससे कुछ होता क्या?" आमच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा आला. "मैं बिस्कुट दिया था मॅडम. वापस कर दी. बोली, अंकल मेरा रिपोर्ट खराब हो जाता."

कबुली दिली नाही ती फक्त आजीनं. "म्या कायबी दिलं नाही बाई."

झालं! सगळ्यांचा संशय आजीवर. माझाही. सून ज्योतीनं, म्हणजे ओवीच्या आईनं, ओवीचं ताट आजीच्या हातून काढून घेतलं. त्या दिवसापासून आजीनं स्वतःचं दूध, डाळ, दही सोडलं. "लेकराला जे नाही ते मलाबी नाही." गौसभाई सगळ्यांना चहा आणायचे, आजी बिनदुधाचा मागायची. मला ते बघवायचं नाही.

*

पुढच्या खेपेला मॅडमनी उलटा प्रश्न विचारला. "ओवी काय खाते ते नको. किती खाते?"

ज्योती रडायलाच लागली. "रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी भातबी अर्धाच देते, ताई. पावडरबी कमी केली. भ्या वाटतं."

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. पोट भरलं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि त्यातून नेमकं तेच रक्तात वाढतं जे आम्ही टाळत होतो! मॅडमनी हे तेलुगूत सांगितलं, मी मराठीत सांगितलं, आणि दोघींनाही आपण काय बोललो ते नीट कळेना.

गौसभाई डोकं खाजवत म्हणाले, "मतलब, नईं खाई तो भी खाई?"

*

ज्योतीनं भात पूर्ववत केला, पावडर पूर्ववत केली. महिन्यानं सगळे परत आले. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "नॉर्मल!"

ज्योतीनं डोळे पुसले. आजीकडे बघायचा मात्र तिला धीर होईना. कुणालाच होईना. तेवढ्यात गौसभाई चहा घेऊन आले.

"मला बिनदुधाचा," आजी म्हणाली.

ओवी खुर्चीवरून उतरली. तिनं आजीचं बोट धरलं, गौसभाईंसारखं कापसानं पुसलं आणि नखानं टोचलं. मग ते बोट डोळ्याजवळ नेऊन, मॅडमसारख्या भुवया आक्रसून बराच वेळ बघत राहिली.

"आजी नॉर्मल!" ती म्हणाली. "मम्मी, तिला दुधाचा दे."