भिंतीला टेकलेली गावं

मेहकर तालुक्यात जेवढ्या म्हणून गोल वस्तू आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या साडभाऊंनी केलेल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्यांना पसंत नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे नुसतं साडू म्हणतात. आमच्याकडे कुठल्याही नात्याला भाऊ जोडल्याशिवाय समाधान होत नाही. मेहकरला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं खरादीचं दुकान आहे. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीच्या धारेखाली गोल करायचं यंत्र. उभा जन्म त्या यंत्रासमोर गेल्यामुळे साडभाऊंकडे जग तपासायची एकच कसोटी उरली आहे : फिरवलं तर डगमगतं का? पंगतीत लाडू वाढला की ते तो आधी दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर फिरवतात. “सेंटर हाललं हाये,” असा निकाल देतात आणि लाडू एका घासात संपवतात, जणू असल्या लाडवाने जगात फार वेळ राहू नये. पौर्णिमेचा चंद्र मात्र त्यांनी पास केलेला आहे.

मुलगी पाहायला ते आमच्या सासऱ्यांकडे आले तेव्हा थोरला जावई म्हणून मी तिथे हजर होतो. माझी मेहुणी पोह्यांच्या बशा घेऊन आली, समोर बसली, तिने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. हा गृहस्थ तिच्या खांद्यावरून मागे स्वयंपाकघरात बघतोय. सासऱ्यांनी विचारलं, काही विचारायचं आहे का? म्हणाले, “मामाजी, तो पोयपाट कोनं केला? त्याचा एक पाय आखूड हाये.” लग्न ठरलं, झालं, आणि मांडवपरतणीला आलेल्या जावयाने पहिलं काम केलं ते पोळपाटाचा पाय बदलण्याचं. मेहुणी अजून ऐकवते, “यायनं मले पाह्यलंच नाई. पोयपाट पाह्यला, अन् त्याच्यासंगं मी आली.”

लोखंडी पलंग आले आणि बाजेचे खूर गेले. मिक्सर आला, रवी गेली. लाटणं तेवढं राहिलं, कारण लाटण्याला अजून वीज लागत नाही. दुसरा कोणी असता तर त्याने दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं असतं. साडभाऊ लग्नांना जाऊन आहेर बघू लागले. स्टीलचा एक डिनरसेट त्यांना ओळखीचा झाला होता. त्याच्या डब्याच्या कोपऱ्याला चेमटलेली खूण होती आणि तो दरेक लग्नात नव्या कागदात भेटायचा. मला म्हणाले, “भाऊ, आहेर तुमच्या एसटीवानी हाये. फिरते फिरते, पन मुक्कामाले कोनाच्याच घरी राहत नाई.” मी एसटीत कंट्रोलर होतो, त्यामुळे हा टोला मला होता की आहेराला, ते मी विचारलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी तिच्या अंगणातल्या निंबाची छाटलेली फांदी मागून आणली, वाळवली आणि तिचा कुंकवाचा करंडा केला. झाकण असं बसवलं की उघडताना हलकासा श्वास सोडल्यासारखा आवाज व्हावा. मांडवात त्यांनी तो मुलीच्या वडिलांच्या हातात दिला आणि सांगितलं, “तुमच्याच अंगनातला हाये.” तो माणूस सकाळपासून आचाऱ्यावर, बँडवाल्यावर, सगळ्यांवर ओरडत होता. तो करंडा हातात घेऊन खुर्चीवर बसला आणि मग बराच वेळ कोणावरच ओरडला नाही.

तिथून सुरुवात झाली. लोक आपापल्या घरची लाकडं आणू लागले. बाळंतपणाला आलेल्या मुलीच्या बाळासाठी शेतातल्या शिवणीचा खुळखुळा, म्हाताऱ्या सासूसाठी विहिरीवरच्या बाभळीच्या काठीची मूठ. मी निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला पेनं ठेवायला एक नळकांडं दिलं. ते आमच्या केबिनमधल्या मोडक्या स्टुलाच्या पायाचं होतं. मी म्हटलं, “अहो, ही सरकारी मालमत्ता!” म्हणाले, “मंग रिटायर काय फक्त तुमीच व्हाचं? त्या स्टुलानं काय केलं?”

आता त्यांची लाकडं ठेवायची पद्धत. हिरवं लाकूड तडकतं, म्हणून लोक लग्नाच्या कितीतरी आधी फांदी आणून देत आणि ती दुकानात वाळत पडे. कोणतं लाकूड कोणाचं, हे साडभाऊ कुठेही लिहीत नसत. मी एकदा म्हटलं, नावं टाका. म्हणाले, “लाकडावर नाव टाकलं तं खरादीवर पयलं नावच उडून जाते.” त्यांची व्यवस्था वेगळी होती. डोणगावचं लाकूड पूर्वेच्या भिंतीला टेकवायचं, कारण डोणगाव पूर्वेला. दुसरबीडचं पश्चिमेच्या, खामगावचं उत्तरेच्या. गाव जितकं लांब, तितकं लाकूड कोपऱ्याकडे. दक्षिणेला दुकानाचं दार, त्यामुळे लोणारकडची ऑर्डर आली की ते लाकूड उंबऱ्यावर आडवं आणि गिऱ्हाईक त्यावरून उडी मारून आत. अख्खा मुलूख त्या खोलीत भिंतीला टेकून वाळत उभा असायचा आणि मधोमध साडभाऊ फिरत्या यंत्रासमोर भुश्शाने पांढरे झालेले बसायचे.

निवृत्तीनंतर मी रोज त्या दुकानात बसू लागलो. घरी बसवत नव्हतं. सारं आयुष्य गाड्या ओळीने फलाटाला लावण्यात गेलेल्या माणसाला दुकानातल्या त्या वेड्यावाकड्या भिंती बघवत नसत. साडभाऊ नातीच्या बारशाला गेले आणि किल्ली माझ्याकडे राहिली. मी दुकान झाडलं. जाळी काढली. आणि सगळी लाकडं जाडीप्रमाणे लावून ठेवली. जाड खाली, बारीक वर, टोकं एका रेषेत. इतकं देखणं काम मी नोकरीतही केलं नव्हतं. साडभाऊ परत आले, दारात उभे राहिले आणि खाली बसले. त्या देखण्या थप्पीत कोणतं लाकूड कोणत्या गावचं, ते आता कोणालाच सांगता आलं नसतं.

सागाचं, बाभळीचं, आंब्याचं लाकूड त्यांनी वेगळं काढलं. ते एकेकच होतं. अडचण दोन निंबांची झाली. एक दुसरबीडच्या मुलीचा, एक डोणगावच्या. दोघींची लग्नं एकाच मुहूर्तावर, जवळ आलेली. त्यांनी दोन्ही तुकडे हुंगून पाहिले आणि सटासट शिंकले. “निंब निंबावानीच वास मारते,” म्हणाले. मी धीर दिला, “कोणतंही कोणालाही द्या. कोणाला समजणार आहे?”

“मले तं समजन ना,” ते म्हणाले. “घरचं लाकूड म्हनून देऊन राह्यलो मी. ते घरचं नसलं तं मंग हा निसता डबा हाये, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन करंडे केले. एका तुकड्यातून दोन बुडं, दुसऱ्यातून दोन झाकणं. कुठला निंब कुठला हे न कळताही दोघींच्या करंड्यांत आपापल्या घरचं लाकूड नक्की आलं. उरलेलं अर्धं दुसरीच्या घरचं. मग ते करंडे पिशवीत घालून आम्ही दोघं एसटीने निघालो, आधी डोणगावला. तिथल्या मुलीचे वडील सगळं ऐकून “बरं” एवढंच म्हणाले, पण त्या ‘बरं’मध्ये बरं काही नव्हतं. दुसरबीडचे वडील मात्र उसळले. “असा कसा धंदा करून राह्यले तुमी? लोकायची लाकडं सांभायता येत नाई? अन् माह्या पोरीच्या करंड्याले दुसऱ्याच्या घरचं झाकन?”

“चूक झाली, दादा,” साडभाऊ म्हणाले. “माह्या हातून मिसयले. नको असन तं वापस नेतो.”

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी तो प्यालो. दुसरं काही केलं नाही.

नवरी मुलगी दारामागून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने करंडा उचलला, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. म्हणाली, “बाबा, मीबी तं दुसऱ्याच्याच घरी चालली. राहू द्या झाकन.” वडील आत निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. ते पंचा खांद्यावर टाकून, तोंड धुऊन बाहेर आले आणि साडभाऊंना म्हणाले, “जेवून जा.”

तरी बाजारात व्हायचं ते झालंच. खरादी थकला, लाकडं मिसळतो, अशी बोलवा उठली आणि भिंती काही दिवस मोकळ्या दिसल्या. साडभाऊ रिकामे बसलेले मी तेव्हाच पाहिले. मग दुसरबीडच्या त्या मुलीच्या सासरची माणसं आली. त्यांना धाकट्या मुलाच्या लग्नासाठी तसाच करंडा हवा होता, पण आता मुद्दाम : बूड नवरीच्या घरचं, झाकण नवऱ्याच्या घरचं. त्यानंतर जे लोक येऊ लागले ते थांबले नाहीत. एका नवरीकडची मंडळी भांडलीही, सासर वर म्हणजे सासर मोठं का? साडभाऊ नवरीकडे बघून म्हणाले, “झाकन कवाबी काढून बाजूले ठेवता येते, बाई. बूड तेच राह्यते.” आज त्यांचे करंडे मुंबईपुण्याला जातात, खामगावच्या एका मुलीने तर आपला करंडा सातासमुद्रापार नेला, आणि त्या बुडाखाली कुठेतरी आमच्या भागातलं एखादं अंगण आहे, याचा मला जितका अभिमान वाटतो तितका माझ्या नोकरीचाही वाटत नाही.

लोक मात्र मला भेटून म्हणतात, “तुम्ही बसायला लागल्यापासून दुकानाला शिस्त आली. नाहीतर तुमचे साडभाऊ लाकडं मिसळत होते.” मी आजवर नुसता हसत आलो. म्हणून हे लिहितो आहे : लाकडं मी मिसळली. बोलणी त्यांनी खाल्ली, आणि डोकंही त्यांचंच चाललं.

परवा हे लिहिणार असल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांचा हात आता थोडा कापतो, म्हणून काम बेताचंच करतात. पटाशी खाली ठेवून म्हणाले, “काऊन लिहिता? जुनं झालं.”

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? निदान मला तरी बोलायचं होतंत.”

त्यांनी मोटर बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. म्हणाले, “बोललो असतो तं तुमी दुसऱ्या दिवशी दुकानात आले असते का? मशीन बंद झाली का लय शांत होते, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. त्यांनी आधीच माझी खुर्ची पुसून ठेवली होती.